स्क्वेरेन रंजके: द्रावणातला रेणू आणि थरातला रेणू

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लोरोफॉर्ममध्ये 650 नॅनोमीटरच्या आसपास अगदी अरुंद शोषणशिखर देणारे ॲनिलिनो स्क्वेरेन (ॲनिलिनपासून बनलेले एक निळे सेंद्रिय रंजक) काचेवर पातळ थराच्या रूपात पसरवले, की 550 आणि 680 नॅनोमीटरच्या आसपास दोन उंचवटे असलेला रुंद पट्टा दिसू लागतो. हा थर बिघडला असे समजायचे का? आणि प्रकाश शोषण्यात इतकी वरचढ असलेली ही रंजके प्रत्यक्ष उपकरणांत फारशी का दिसत नाहीत?

पहिल्या भागाचे उत्तर असे, की थर बहुधा बिघडलेला नाही. उलट रेणू व्यवस्थित रांगेत बसू लागल्याचे ते लक्षण आहे. दुसऱ्या भागातले गृहीतकच मला पूर्णपणे मान्य नाही. ही रंजके वापरात आहेत, पण सौरघटांत शोधली तर सापडणार नाहीत; कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे बसणाऱ्या फिल्टरमध्ये शोधावी लागतील. या दोन्ही उत्तरांचे मूळ एकच आहे. स्क्वेरेनचा रेणू एकटा असताना जसा वागतो, तसा शेजाऱ्यांच्या सहवासात वागत नाही. म्हणून कोणत्याही उपयोगाचा विचार करताना या रेणूला एकटे ठेवायचे आहे की समूहात, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

रेणूच्या रचनेपासून सुरुवात करतो. मध्यभागी स्क्वेरिक आम्लातून आलेले चार कार्बनांचे चौकोनी कडे असते. हे आम्ल कोहेन, लाकर आणि पार्क यांनी 1959 मध्ये प्रथम तयार केले. कडे इतके लहान असूनही ते तीव्र आम्ल आहे, कारण दोन्ही प्रोटॉन गेल्यावर उरणाऱ्या आयनात ऋणभार चारही ऑक्सिजनांवर सारखा वाटला जातो. 1965 मध्ये ट्राइब्स आणि याकोब यांनी या आम्लाची पायरोलांशी अभिक्रिया घडवून गडद रंगाची संयुगे मिळवली, आणि तिथून या रंजककुळाचा इतिहास सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत स्प्रेंगर आणि त्सीगेनबाइन यांनी डायअल्किल ॲनिलिने व इंडोलेनिने वापरून कुळाचा विस्तार केला. आज वापरात असलेली बहुतेक स्क्वेरेने याच दोन शाखांची वंशज आहेत.

मधले कडे इलेक्ट्रॉनांचे भुकेले आणि दोन्ही बाजूंचे हात इलेक्ट्रॉन देणारे, अशी ही दाता–ग्राही–दाता मांडणी आहे. कागदावर ती काढताना आपण मध्यभागी धन आणि ऑक्सिजनवर ऋण भार दाखवतो, पण वास्तवात भार संपूर्ण चौकटीवर पसरलेला असतो आणि बंधांच्या लांबीतला फरक जवळजवळ मिटलेला असतो. त्याचा महत्त्वाचा परिणाम असा, की प्रकाश शोषून रेणू उत्तेजित झाला तरी त्याचा आकार फारसा बदलत नाही. आकार बदलला नाही म्हणजे कंपनांच्या पायऱ्या शोषणात फारशा उमटत नाहीत. म्हणून शिखर अरुंद राहते (अर्ध्या उंचीवर साधारण 30 नॅनोमीटर), आणि फ्लुओरेसन्सचे (रेणू शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत देतो त्याचे) शिखरही शोषणाच्या शिखराला जवळजवळ चिकटून येते. मोलर शोषकता (ठरावीक संहतीचे द्रावण किती प्रकाश अडवते त्याचे माप) तर 3 लाखांपर्यंत जाते. या आकड्याचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. लिटरमागे एक मायक्रोमोल इतक्या विरल द्रावणाच्या एक सेंटीमीटर जाडीत शोषणांक 0.3 येतो, म्हणजे डोळ्यांना जेमतेम निळसर वाटणारे पाणीसुद्धा त्या तरंगलांबीचा निम्मा प्रकाश अडवते.

संश्लेषण कागदावर सोपे आहे. स्क्वेरिक आम्लाचा एक भाग आणि इलेक्ट्रॉनसमृद्ध घटकाचे दोन भाग ब्युटॅनॉल आणि टोल्युइनच्या मिश्रणात उकळायचे आणि सुटणारे पाणी डीन-स्टार्क नळीने काढत राहायचे. ब्युटॅनॉल इथे केवळ द्रावक नसतो. स्क्वेरिक आम्ल बहुतेक सेंद्रिय द्रावकांत विरघळतच नाही, आणि त्याचे एस्टर तयार होणे हा मार्गातला उपयुक्त टप्पा असतो. दोन्ही हात वेगळे हवे असतील, तर डायएथिल स्क्वेरेटपासून आधी एक हात जोडून अर्ध-स्क्वेरेन बनवावे लागते, उरलेल्या एस्टरचे जलविच्छेदन करावे लागते आणि मग दुसरा हात जोडावा लागतो. येथे एक सूचना, जी शोधनिबंधांत क्वचितच ठळकपणे लिहिलेली असते: हे एस्टर त्वचेला तीव्र ॲलर्जी आणतात. त्यांतला डायब्युटिल एस्टर त्वचारोगतज्ज्ञ चाई पडण्याच्या विकारात मुद्दाम ॲलर्जी उद्भवावी म्हणून वापरतात, यावरून काय ते समजावे. हातमोज्यांशिवाय त्याच्या बाटलीला हात लावू नये.

समोरासमोरच्या दोन कार्बनांवर हात जोडले गेले, तरच अपेक्षित रंजक मिळते. लगतच्या कार्बनांवर जोडले गेलेले समघटकही थोड्याफार प्रमाणात तयार होतात. त्यांचे शोषण कमी तरंगलांबीला आणि क्षीण असते, त्यामुळे मुख्य रंजकाच्या गडद रंगाखाली ते सहज लपतात. नमुना निळा दिसतो, हिरवट सोनेरी धातूसारखी चकाकी देतो, आणि त्यावरून तो शुद्ध आहे असे वाटते. मोलर शोषकता मोजून ती अपेक्षेपेक्षा कमी आली, की पहिला संशय समघटकांवर आणि दुसरा स्फटिकात अडकलेल्या द्रावकावर घ्यावा.

आता थराकडे येऊ. द्रावणातले रेणू एकमेकांपासून दूर असतात. थरात ते सपाट पत्त्यांसारखे एकावर एक रचले जातात, मात्र सरळ गठ्ठ्यात नव्हे, तर थोडे सरकून. रेणू किती सरकले आहेत, यावर शोषण कुठे जाईल हे ठरते. पत्ते जवळजवळ समोरासमोर बसले, तर शोषण कमी तरंगलांबीकडे सरकते आणि त्याला एच-समुच्चय म्हणतात. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे लांब सरकून बसले, तर शोषण जास्त तरंगलांबीकडे जाते आणि तो जे-समुच्चय. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथेच संपते, आणि स्क्वेरेनबाबत नेमके तेच अपुरे पडते. या रेणूच्या कडेला इलेक्ट्रॉन देणारे हात आणि मध्ये घेणारे कडे असल्यामुळे, रचना थोडी सरकली की एका रेणूचा हात शेजाऱ्याच्या कड्यावर येतो. मग उत्तेजित अवस्था एकाच रेणूपुरती राहत नाही. इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर गेल्याची अवस्थाही तीत मिसळते. या मिश्रणातून एका शिखराची दोन शिखरे होतात, आणि दोन्हीमध्ये दोन्ही स्वभावांचा अंश असतो. विचारणाऱ्याच्या थरातले 550 आणि 680 हे उंचवटे म्हणजे दोन वेगळे पदार्थ नव्हेत, किंवा अर्धा भाग एच आणि अर्धा भाग जे असेही नव्हे. एकाच रचनेची ती दोन मुखे असू शकतात.

‘असू शकतात’ असे मी जाणूनबुजून म्हटले, कारण आणखी एक शक्यता असते. स्फटिकाच्या एकक पेशीत (पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घडणीत) वेगवेगळ्या दिशांना वळलेले दोन रेणू असतील, तर त्यांच्या परस्परक्रियेनेही शिखर दोन भागांत फुटते. आयसोब्युटिल शाखा असलेल्या प्रसिद्ध ॲनिलिनो स्क्वेरेनची दोन स्फटिकरूपे परिचित आहेत. थराला सौम्य उष्णता दिल्यास मोनोक्लिनिक रूप मिळते, जास्त तापमानाला ऑर्थोऱ्हॉम्बिक. आणि दोघांचे वर्णपट सहज ओळखू येण्याइतके वेगळे असतात. कोणत्या कारणाने शिखर फुटले, हे ओळखायला ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक सर्वांत उपयोगी पडतो. ध्रुवणाची दिशा फिरवल्यावर एका क्षेत्रात दोन शिखरे आळीपाळीने उजळत आणि विझत असतील, तर दुसरे कारण बळकट होते; दोन्ही एकत्रच कमीजास्त होत असतील, तर पहिले.

थरातले हे वर्तन दोष आहे की वरदान, हे उपयोगावर अवलंबून असते. लेझर प्रिंटरच्या इतिहासात ते वरदान ठरले होते. प्रतिमा उमटवणाऱ्या ड्रमवर प्रकाशसंवेदी थर लागतो आणि लेखनासाठी वापरला जाणारा अर्धवाहक लेझर साधारण 780 नॅनोमीटरला किंवा त्याहून जास्त तरंगलांबीला चालतो. द्रावणातल्या स्क्वेरेनचा वर्णपट पाहिला, तर हा प्रकाश त्याला दिसणारच नाही असे वाटते. परंतु सूक्ष्म स्फटिकांच्या रूपात त्याचे शोषण निकट-अवरक्तापर्यंत पसरते, आणि म्हणूनच झेरॉक्समध्ये कॉक-यी लॉ यांच्या गटाने 1980 च्या दशकात या रंजकांचा कसून अभ्यास केला. अडचण अंधारात होती, शब्दशः. प्रकाश पडलेला नसतानाही थरावरचा भार हळूहळू गळून जाई, आणि अत्यल्प अशुद्धींनी ही गळती वाढे. पुढे या क्षेत्रात थॅलोसायनिन रंगद्रव्यांनी बाजी मारली.

सौरघटांत स्क्वेरेनचा प्रवेश समजतो त्याहून जुना आहे. आयबीएममधील मेरिट आणि होव्हेल यांनी 1976 मध्येच त्यांचे सेंद्रिय सौरघट वर्णन केले होते. रंजक-संवेदित घटांत (ज्यांत टायटॅनियम डायऑक्साइडवर चिकटलेले रंजक प्रकाश शोषते) 2007 मध्ये असममित स्क्वेरेन वापरून 4.5 टक्के कार्यक्षमता मिळाली. तिथे एका हाताला कार्बॉक्सिलिक आम्लाचा गट टायटॅनियम डायऑक्साइडला बांधण्यासाठी असतो, आणि रेणूंची गर्दी होऊ नये म्हणून चेनोडीऑक्सीकोलिक आम्ल बरोबर बसवले जाते. चेनोडीऑक्सीकोलिक आम्ल हे खरे तर एक पित्ताम्ल. प्रकाशाशी त्याला काही देणेघेणे नाही. ते फक्त रंजकाच्या दोन रेणूंमध्ये जागा अडवून बसते, आणि तेवढ्यानेही विद्युत्प्रवाह वाढतो. याउलट फुलरीनसोबतच्या (पोकळ चेंडूसारख्या, इलेक्ट्रॉन घेणाऱ्या कार्बन-रेणूंसोबतच्या) थरांत मिशिगन विद्यापीठातील फॉरेस्ट आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील थॉम्पसन यांच्या सहकाऱ्यांनी 2010 च्या सुमारास स्क्वेरेनच्या अतिपातळ थराला तापवून किंवा द्रावकाच्या वाफेत ठेवून मुद्दाम स्फटिकमय केले आणि कार्यक्षमता वाढवली. एका ठिकाणी रेणू विलग ठेवल्याने फायदा, दुसऱ्या ठिकाणी एकत्र आणल्याने. पण विसंगती वरवरची आहे. पहिल्या घटात इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइड वाहून नेतो, रंजकाने फक्त तो द्यायचा असतो. दुसऱ्यात ऊर्जा आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरणारी धनभारित जागा) यांना रंजकाच्याच थरातून प्रवास करायचा असतो, आणि विस्कळीत थरात तो प्रवास काही नॅनोमीटरांतच संपतो.

तिसरी भूमिका अधिक चतुर होती. 2013 मध्ये येल विद्यापीठातील गटाने पॉलिथायोफीन आणि फुलरीनच्या मिश्रणात थोडे स्क्वेरेन मिसळले. पॉलिमरने शोषलेली ऊर्जा फर्स्टर यंत्रणेने (प्रकाश न सोडता, थेट एका रेणूकडून दुसऱ्याकडे) स्क्वेरेनकडे जाते, आणि पॉलिमरला न दिसणारा तांबडा प्रकाशही स्क्वेरेन टिपते. कार्यक्षमतेत 38 टक्क्यांपर्यंत सापेक्ष वाढ नोंदली गेली. तरीही मुख्य शोषक म्हणून स्क्वेरेनची जागा आता गेली आहे, असे मी स्पष्टच म्हणेन. 2019 मध्ये वाय-6 आणि त्याच्या वर्गातले फुलरीनेतर ग्राही (फुलरीनऐवजी इलेक्ट्रॉन घेणारे रेणू) आल्यावर सेंद्रिय सौरघटांची कार्यक्षमता ज्या पातळीवर गेली, तिथे स्क्वेरेनची अरुंद शोषणपट्टी आणि होलांची मर्यादित गतिशीलता तग धरू शकत नाही.

मग त्यांची खरी जागा कुठे? जिथे रेणूला काहीही वाहून न्यायचे नसते, फक्त ठरावीक रंग गिळायचा असतो, तिथे. सिलिकॉनचा सेन्सर साधारण 1100 नॅनोमीटरपर्यंत पाहू शकतो, माणसाचा डोळा मात्र 700 च्या आसपासच थांबतो. हा जादा प्रकाश रोखला नाही, तर छायाचित्रातले रंग फिसकटतात. तो रोखण्याचा जुना मार्ग म्हणजे काचेवर एकावर एक अनेक पारदर्शक, विद्युत् अपारक (वीज न वाहणाऱ्या) थरांचा व्यतिकरण फिल्टर. त्याची मर्यादा अशी, की प्रकाश तिरका आला की फिल्टरची कड कमी तरंगलांबीकडे सरकते. किरण 30 अंशांनी तिरका असेल, तर 650 नॅनोमीटरची कड सहज 20 ते 30 नॅनोमीटरने सरकते. पातळ उपकरणांत भिंग सेन्सरच्या इतके जवळ असते, की चित्राच्या कडेला येणारे किरण बरेच तिरके असतात. परिणामी चित्राचा मध्य एका छटेचा आणि कोपरे दुसऱ्या छटेचे येतात. रेणूच्या शोषणाला मात्र दिशेची पर्वा नसते. 700 नॅनोमीटरच्या आसपास शोषणारे स्क्वेरेन पारदर्शक रेझिनमध्ये विरघळवून काही मायक्रोमीटर जाडीचा लेप दिला, की संवेदनशील कड रंजक आखून देते आणि त्यापुढचा अवरक्त प्रदेश व्यतिकरणाचे थर सांभाळतात. निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला स्क्वेरेन जवळजवळ हात लावत नाही, हा त्याचा दुसरा गुण. हे काम तांबेयुक्त निळी काचही करते, पण तिला जाडी लागते. प्लाझ्मा पडद्यांच्या काळात निऑनच्या नारिंगी प्रकाशाला रोखण्यासाठीही याच तत्त्वावर अरुंद पट्टीची रंजके वापरली जात, आणि त्यांत स्क्वेरेन कुळातली रंजकेही होती.

अशा फिल्टरमध्ये रेणूने एकटेच राहिले पाहिजे. तिथे समुच्चय म्हणजे शुद्ध नुकसान. शिखर रुंदावते, त्याची शेपटी दृश्य प्रकाशात शिरते आणि पांढरा रंग पिवळट किंवा हिरवट दिसू लागतो. म्हणून शाखा भरगच्च ठेवतात, रंजकाचे प्रमाण मर्यादित ठेवतात आणि रेझिन असे निवडतात, की लेप सुकताना रंजक बाहेर फेकले जाणार नाही.

आता रासायनिक दुर्बलतेविषयी, कारण अनेक चांगली उपकरणे तिच्यामुळे वाया जातात. मधले कडे इलेक्ट्रॉनांचे भुकेले असल्यामुळे थायोल (गंधकयुक्त संयुगे), अमाइन (नायट्रोजनयुक्त संयुगे) किंवा हायड्रॉक्साइड त्यावर हल्ला करतात. संयुग्मन (रंग देणारी बंधांची सलग साखळी) तुटते आणि रंग नाहीसा होतो. एका चाचणीत आमचा अत्यंत काळजीपूर्वक केलेला लेप झाकण बसवल्यावर रात्रभरात फिका पडला होता. दोष प्रकाशाचा नव्हता, ऑक्सिजनचाही नव्हता; झाकण चिकटवायला वापरलेल्या इपॉक्सीचा कठीणकारक अमाइन होता. तेव्हापासून गोंदाची घटकपत्रिका वाचल्याशिवाय मी स्क्वेरेनवर काहीही चिकटवत नाही. याच दुर्बलतेचा उपयोग करून थायोल ओळखणारे संवेदकही बनवले गेले आहेत, आणि धातूंचे आयन ओळखणाऱ्या स्क्वेरेन-आधारित संवेदकांवर तिरुवनंतपुरममध्ये अजयघोष यांच्या गटाने महत्त्वाचे काम केले आहे. दुर्बलतेवरचा सर्वांत देखणा उपाय नोत्र दाम विद्यापीठातील ब्रॅडली स्मिथ यांच्या गटाने 2005 मध्ये मांडला. त्यांनी स्क्वेरेनच्या दांडीभोवती एक मोठा वलयाकार रेणू ओवला, आणि दांडीच्या टोकांना जाड गट बसवून वलय निसटणार नाही अशी सोय केली. या रोटॅक्सेनमध्ये मधले कडे वलयाच्या आड सुरक्षित राहते आणि शेजारी रेणूही जवळ येऊ शकत नाहीत. जैविक प्रतिमांकनात असे रेणू उपयोगी ठरले.

निकट-अवरक्त प्रकाश टिपणारे शोधक हे मला सध्या सर्वांत आशादायक वाटणारे क्षेत्र आहे. सौरघटाला शक्य तितका रुंद वर्णपट हवा असतो, शोधकाला मात्र बहुधा एकच पट्टी हवी असते. त्यामुळे स्क्वेरेनची अरुंदता इथे उणीव न राहता गुण बनते. मधल्या कड्यावरच्या एका ऑक्सिजनच्या जागी डायसायनोमेथिलीन गट आणला, की शोषण आणखी लांब तरंगलांबीकडे सरकते. वुर्त्सबुर्ग येथील वुर्थनर यांच्या गटाने अशा मार्गाने, शेजारी रेणूंमधील भारहस्तांतरण मुद्दाम जुळवून, 2021 मध्ये 1040 नॅनोमीटरला अरुंद प्रतिसाद देणारा सेंद्रिय शोधक दाखवला. त्या प्रदेशात सिलिकॉन क्षीण होत जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. प्रोलिनॉलपासून बनवलेल्या द्विहस्तरूपी (डाव्या-उजव्या हातांप्रमाणे आरशातल्या प्रतिमेशी न जुळणाऱ्या) स्क्वेरेनच्या थरांत 2018 मध्ये वर्तुळाकार ध्रुवणाला असाधारण मोठा प्रतिसाद आढळला, तोही या रंजकांच्या समूहवृत्तीचाच परिणाम. द्विफोटॉन शोषणात (एकाच वेळी दोन फोटॉन शोषण्यात) लांबवलेल्या स्क्वेरेनांनी 2006 मध्ये 33,000 जीएमपर्यंतचे (गोप्पर्ट-मेयर, या शोषणाचे एकक) आकडे दिले होते. तेवढी उंची एक-फोटॉन पट्टीच्या निकटतेमुळे येते, त्यामुळे उपकरणात ती जशीच्या तशी वापरता येईल असे मानू नये.

विचारणाऱ्याच्या थराबाबत मी पुढीलप्रमाणे करेन. एकाच द्रावणातून तीन वेगळ्या जाडींचे थर घ्यावेत, प्रत्येकाचे दोन तुकडे करावेत, आणि एक तुकडा तसाच ठेवून दुसरा टप्प्याटप्प्याने तापवत प्रत्येक टप्प्याला वर्णपट नोंदवावा. ताज्या थरातही दोन्ही उंचवटे असतील आणि तापवल्यावर ते एकाच प्रमाणात तीव्र होत असतील, तर रचना आधीच ठरलेली आहे. तापमान वाढताना एक उंचवटा दुसऱ्याच्या किमतीवर वाढत असेल, तर एक स्फटिकरूप दुसऱ्यात बदलत आहे, आणि त्याच तापमानाला क्ष-किरण विवर्तनात नवे शिखर दिसायला हवे. दोन्ही उंचवटे एकत्रच खाली बसत असतील, तर मात्र रंजक नष्ट होत आहे. अशा वेळी त्या तुकड्यावरचा थर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून 650 नॅनोमीटरचे शिखर पूर्वीच्या उंचीला परतते का, ते पाहावे.